वहीतलं ‘किरकोळ’

अण्णांची लाल कापडी बांधणीची वही अजून माझ्या कपाटात आहे. १९९२ साली ताईचं लग्न झालं, साताऱ्याला, घरासमोर मांडव घालून. त्या लग्नाचा पै-पैचा हिशेब तिच्यात आहे. मांडव २,८००. आचारी आणि हाताखालची माणसं ३,१००. सनई-चौघडा ९५०. विड्याची पानं, दक्षिणा, अक्षतांच्या तांदळाला लावलेलं कुंकू, सगळं वेगवेगळं मांडलेलं. आणि पानाच्या तळाशी, बाकीच्या अक्षरांपेक्षा थोड्या घाईत लिहिलेली एक ओळ: ‘किरकोळ – ४,३५०’.

मी तेव्हा नुकतीच बँकेत लागले होते. आकड्यांची बेरीज तपासायची सवय लागलेली. मी अण्णांना सरळ विचारलं, “मांडवापेक्षा किरकोळ जास्त कसं?” अण्णांनी वही मिटली. आईने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

उत्तर आठ दिवसांनी मामाकडून कळलं. जानवशाला उतरलेल्या वऱ्हाडातल्या काही मंडळींना दोन रात्री दारू पोचवली होती. याद्या झाल्या तेव्हा कोणाचा शालू, कोणाचे आहेर, वऱ्हाडाच्या गाडीचं भाडं कोणी द्यायचं, सगळं कागदावर आलं होतं. ही गोष्ट कागदावर आली नव्हती. सीमांतपूजनाच्या संध्याकाळी कोणीतरी मामाला बाजूला घेऊन म्हणालं, “तेवढं आमच्या माणसांचं बघा.” अण्णांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. दुकानाच्या पायरीवर जायला त्यांचा पाय धजेना, म्हणून मामा गेला. पहिली खेप संपली, दुसरी मागवली. तिसरी मागणी आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दुकान बंद, मग मागच्या दाराने दुप्पट भावाने आणली. ‘आता पुरे’ असं म्हणायची मुलीच्या बापाची टाप नव्हती. पहाटे त्यातल्या एकाने आमच्या आजीला काहीतरी बोललं. काय बोलला ते आजीने कधीच सांगितलं नाही.

२०२४ च्या जूनमध्ये भाची घरी आली, ताईची मुलगी, आणि म्हणाली, “मावशी, रिसेप्शनला आम्हाला बार ठेवायचाय. हिशेब तू बघशील का?” तेव्हा मला आधी ती वही आठवली.

माझं पहिलं उत्तर ‘नाही’ होतं. ताईचंही. ताई तर म्हणाली, “रुखवताच्या शेजारी बाटल्या मांडायच्या का आता?” भाचीने वाद घातला नाही. तिने एवढंच विचारलं, “आई, तू गेल्या पाच वर्षांत ज्या लग्नांना गेलीस, तिथे पुरुषमंडळी जेवायच्या आधी तासभर कुठे असतात?”

आम्हा दोघींनाही ठाऊक होतं कुठे असतात. पार्किंगमध्ये. गाडीची डिकी उघडलेली, आत बाटली, प्लॅस्टिकचे ग्लास, वेफर्सचं पाकीट, पाण्याच्या छोट्या बाटल्या. उभ्याउभ्या, घाईघाईत, रिकाम्या पोटी घेतलेली. आणि आत टेबलावर त्यांच्या बायका ताटं घेऊन थांबलेल्या, ‘येतीलच आता’ म्हणत. मुलं पेंगायला लागलेली. मग हीच माणसं त्याच गाड्यांच्या स्टिअरिंगवर बसून घरी जातात. यजमानाच्या हिशेबात यातलं काही येत नाही, म्हणून यजमानाला वाटतं आपल्या कार्यात दारू नव्हती.

दोन दिवस मी या विचाराने अस्वस्थ होते. अण्णांची चूक दारू दिली ही नव्हती, त्यांच्यावर ती लादली गेली होती. पण ती ‘किरकोळ’मध्ये गेल्यामुळे तिला ना आकडा राहिला, ना वेळ, ना नको म्हणायची सोय. खर्चाला नाव दिलं की त्याला मर्यादा घालता येते. बँकेतल्या तीस वर्षांत मी हेच शिकले आहे. मी भाचीला फोन केला. म्हटलं, हिशेब मी बघते, पण माझ्या अटींवर. पहिली अट, याचा खर्च तुम्ही दोघांनी तुमच्या पगारातून करायचा. तुझ्या बाबांच्या आणि व्याह्यांच्या खात्यातून एक रुपया नाही. दुसरी, बैठकीत सगळ्यांसमोर हा विषय निघाला पाहिजे आणि यादीत लिहिला गेला पाहिजे. विहीणबाईंनी तो निघाल्यावर सुस्कारा सोडला. म्हणाल्या, “बरं झालं तुम्हीच काढलात. आमच्याकडेही हीच काळजी होती.” दोघांनी मिळून १,२०,००० बाजूला ठेवले. त्यापलीकडे जायचं नाही असं ठरलं.

मग मी चौकशीला लागले. हॉटेलवाले पॅकेज देतात, माणशी. आम्हाला एकाने १,६५० रुपये माणशी सांगितले आणि किमान २०० माणसं धरावीच लागतील असं म्हणाला. म्हणजे ३,३०,००० आणि वर कर. आमच्या ३२० पाहुण्यांत पिणारे किती, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दुसरा म्हणाला, जेवढी लागेल तेवढ्याचं बिल. ऐकायला बरं वाटतं, पण त्यात पेगचा भाव हॉटेलचा असतो आणि बंद करायची वेळ कोण सांगणार हा प्रश्न राहतोच. अण्णांच्या तिसऱ्या खेपेसारखंच. शिवाय दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर व्हॅट लागतो, म्हणून जेवणाचं आणि दारूचं बिल वेगवेगळं मागून घ्यावं लागतं. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला होता, ते कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिसरा मार्ग आम्ही घेतला. पुण्यातल्या सिंहगड रस्त्याकडचं लॉन, माल आपण आणायचा, लॉनवाल्याला कॉर्केज, म्हणजे बाहेरची दारू तिथे वाढू देण्याची फी, द्यायचं आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता परवाना काढायचा. पुष्कळ लोक हा परवाना काढतच नाहीत, ‘कोण बघतंय’ म्हणतात. मला ते पटत नाही. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आजही लागू आहे. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि आपण रोज ज्याला परमिट रूम म्हणतो त्यातलं परमिट ते हेच. बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकी दारूसाठी २५. हे २५ किती जणांना माहीतच नसतं! नवरदेवाच्या मित्रांत आणि आमच्या भाच्या-पुतण्यांत २५ च्या आतले अकरा जण निघाले. मी त्या अकरा जणांची नावं वेगळी काढली.

कोणाला हे जाच वाटेल. पण त्याच वर्षी १९ मे रोजी कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले होते. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि त्याआधी पबमध्ये दारू दिली गेल्याचं प्रकरण सगळ्या पुण्याने वाचलं होतं. त्या दोघांच्या वयाची मुलं माझ्या शाखेत काम करतात. कोणाचं वय विचारायला मला मुळीच संकोच वाटला नाही.

आता मापं. दुकानदाराने मला बसवून समजावलं आणि मी ते वहीत उतरवलं. ७५० मिलीची बाटली, म्हणजे ३० मिलीचे २५ पेग. १८० मिलीच्या चार क्वार्टर आणि वर एक छोटा पेग, असंही म्हणता येतं. वाइनच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची, खोक्यात बारा. मी आणि ताईने पाहुण्यांची यादी समोर घेतली आणि पिणाऱ्यांची नावं मोजली. अंदाजाने टक्केवारी लावली नाही, नाव-नाव घेतलं. ताईला प्रत्येकाचं बरोबर ठाऊक होतं. इतकी वर्षं ती कोणाबद्दल काही बोलली नव्हती, पण तिने सगळं पाहिलेलं होतं. नव्वद जण निघाले. पंचावन्न व्हिस्की, रम, व्होडकावाले, वीस बिअरवाले, पंधरा वाइनवाले, त्यात नऊ बायका. त्या नऊ जणींची नावं लिहिताना ताई क्षणभर थांबली, मग म्हणाली, “लिही. त्यांनीही गाडीमागे जाऊन का प्यायची?”

पंचावन्न जणांना माणशी एक क्वार्टर धरली की दहा लिटरला थोडं कमी, म्हणजे चौदा बाटल्या. दोन वर ठेवल्या. बिअरची चार खोकी. वाइनच्या सहा बाटल्या. न फोडलेली बाटली परत घेणार का, असं विचारलं तर दुकानदार नाही म्हणाला. म्हणून जास्तीची खरेदी करायचीच नाही असं ठरवलं. बर्फ मात्र १२० किलो सांगितला. दारू कमी पडली तर कोणी मरत नाही, बर्फ कमी पडला की नोव्हेंबरातही सगळा काउंटर खोळंबतो, असं कॅटररचा मुकादम म्हणाला आणि ते खरंच होतं.

आणि मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबर, मतमोजणी २३. आमचं लग्न आणि रिसेप्शन २२ ला, शुक्रवारी. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दारूची विक्रीच काय, वाटपही बंद असतं, आणि मतमोजणीचा दिवसही ड्राय डे. आमचा दिवस नेमका दोन्हींच्या मधे आला होता. ज्यांनी १९ ला संगीत आणि कॉकटेल ठेवलं होतं अशा एका ओळखीच्या घराचे हाल मी पाहिले. पैसे भरून झालेले, पत्रिका गेलेल्या. लग्नाची तारीख धरताना आपण मुहूर्त, परीक्षा, सुतक, सगळं बघतो. निवडणुकीच्या वर्षात तेवढंच हेही बघायला हवं.

माल १८ च्या आत आणून घरी ठेवायला ताईने साफ नकार दिला, आणि तिचं बरोबर होतं. घरात देवक बसायचं होतं. म्हणजे एकच दिवस उरला, २१. आचारसंहिता चालू, रस्त्यावर भरारी पथकं. भाचीचा भाऊ आणि मी सकाळी दुकान उघडताच गेलो. पावत्या, परवान्याच्या तीन प्रती आणि वर लग्नपत्रिका, असं सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी मांडीवर घेऊन बसले. राजाराम पुलाच्या अलीकडे गाडी अडवलीच. खोकी बघून हवालदाराचा चेहरा बदलला. मी फोल्डर पुढे केला. त्यांनी प्रत्येक कागद नीट वाचला, बाटल्या मोजल्या, पत्रिकेवरची तारीख पाहिली आणि म्हणाले, “मॅडम, असे कागद घेऊन कोणी येत नाही हो.” मग पत्रिका परत देताना दोन्ही हातांनी दिली. माझ्या डोळ्यांपुढे रात्री साडेअकराला मागच्या दारातून पिशवी घेऊन येणारा मामा उभा राहिला.

मापं आणि कागद यापेक्षा मला जास्त विचार करावा लागला तो आग्रहाचा. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा गाभा आहे. पंगतीत जिलबी घेऊन माणूस समोर उभा राहतो, आपण पानावर दोन्ही हात आडवे धरतो, तो बोटांच्या फटीतून एक सोडतोच, आणि त्यात प्रेम असतं. मी त्या आग्रहावर वाढले. पण तोच आग्रह ग्लासाजवळ आला की त्याचं काहीतरी दुसरंच होतं. ‘माझ्या हातचा एक’, ‘आज नाही म्हणायचं नाही’, ‘पुतणीचं लग्न आहे आणि तू कोरडा?’ पानावर हात आडवा धरणाऱ्याला पंगत हसून सोडते. ग्लासावर हात धरणाऱ्याला सोडत नाहीत.

आत्याचा मुलगा, माझा भाऊच तो, सहा वर्षांपासून पूर्ण बंद आहे. त्याआधीची वर्षं त्याच्या बायकोने कशी काढली हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला फोन करून स्पष्ट सांगितलं की बार असणार आहे, तुला त्रास होणार असेल तर मी ठेवू देणार नाही. मनापासून म्हणाले होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, बारने मला काही होत नाही. रिकामा हात बघून लोक येतात, त्याने होतं. माझ्या हातात कोणीतरी आल्याआल्या ग्लास द्या. भरलेला. कशाचाही.”

त्याच्या त्या एका वाक्याने आमचा अर्धा आराखडा बदलला. बिनदारूचा काउंटर आम्ही कोपऱ्यातून उचलून दाराशी आणला, बारच्या आधी लागेल असा. कोकम सरबत, सोलकढी, आलं-लिंबू, पेरूचा रस तिखट-मीठ लावून. ग्लास दोन्हीकडे एकच, त्याच काचेचे. लांबून बघून कोणाच्या हातात काय आहे ते कळू नये. या काउंटरला १४,००० वेगळे काढले. आणि बारवरच्या दोन्ही पोरांना सांगितलं की मागेल त्यालाच द्यायचं, ट्रे घेऊन टेबलांमधून फिरायचं नाही, ओतताना पेगमेजर वापरायचंच आणि एका माणसाला एका वेळी एकच ग्लास. दुसऱ्यासाठी म्हणून कोणी न्यायचा नाही. आग्रह करणाऱ्याच्या हातात दुसरा ग्लास असतोच, तोच काढून घेतला.

बार आठ ते दहा. जेवणाचे काउंटर साडेसातलाच उघडले, म्हणजे कोणी कोणासाठी थांबायला नको. गाड्यांसाठी १२,५०० धरले होते: दोन टेम्पो ट्रॅव्हलर, एक कोथरूड-वारज्याकडे, एक हडपसरकडे. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर पहिल्याच वेळी १०,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, पण मला दंडाची नाही, रस्त्यावरच्या माणसाची भीती होती. भाचीच्या भावाने पार्किंगच्या तोंडाशी उभं राहून तेवीस जणांकडून किल्ल्या घेतल्या. त्यातल्या चार जणांनी आरडाओरडा केला. तो हलला नाही.

दहाला पाच मिनिटं असताना नवरदेवाचे एक काका काउंटरशी आले. वयाने मोठे, मानाचे. पोराने घड्याळाकडे बघून शेवटचा दिला. दहा वाजता त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला. पोराने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले आणि म्हणाले, “काका, बार बंद झाला. चला, पहिली गरम पुरी तुमच्या पानात.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, ग्लास काउंटरवर ठेवला आणि चालू लागले. एवढंच झालं. पण ते चालू लागेपर्यंत माझ्या छातीत धडधडत होतं, आणि ‘आता पुरे’ म्हणायला अण्णांना कोणीच का दिलं नाही, या विचाराने डोळ्यांत पाणी आलं. लांब ताई उभी होती. तिने ते पाहिलं, पण जवळ आली नाही. पाहुण्यांना शालजोडी देत राहिली.

ज्यांना यंदा हा हिशेब करायचा आहे त्यांनी माझ्या आकड्यांवर जाऊ नये. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने देशात बनणाऱ्या, लिटरला २६० रुपयांपर्यंत उत्पादनखर्च असलेल्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. बिअर आणि वाइन त्यातून वगळली. आज तेवढ्याच बाटल्या घ्यायच्या तर रक्कम बरीच फुगेल. कदाचित वाइन-बिअरवरच ठेवणं शहाणपणाचं ठरेल. त्यात पंचवीस वयाची अडचणही सुटते.

लग्नानंतरची पूजा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि ताईने हिशेब लावला. मी अण्णांचीच वही काढली. मागे बरीच पानं कोरी होती. ताई सांगत गेली, मी लिहीत गेले. मद्य, सोळा बाटल्या, चार खोकी बिअर, सहा वाइन: ४२,५००. पैकी चार बाटल्या आणि अकरा बिअर शिल्लक. सोडा, पाणी, लिंबू, बर्फ: ६,८००. ग्लास आणि दोन पोरांची मजुरी: ९,०००. परवाना आणि कॉर्केज: २८,५००. गाड्या: १२,५००. बिनदारूचा काउंटर: १४,०००. एकूण १,१३,३००.

ताईने वही स्वतःकडे ओढली, मागची पानं उलटत १९९२ पर्यंत गेली आणि त्या तळाच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसली. तिला ते आजवर माहीत नव्हतं. तिच्याच लग्नातलं, आणि आम्ही कोणीच तिला सांगितलं नव्हतं. “एवढे?” एवढंच म्हणाली. मग पुन्हा पुढच्या पानावर आली, माझ्या हातून पेन घेतलं आणि सगळ्यात खाली तिच्या अक्षरात लिहिलं: ‘कोकम सरबत ४० लिटर. साडेनऊलाच संपलं. पुढच्या वेळी दुप्पट.’